न घेतलेली गाडी

आमच्या फ्रिजच्या दारावर चार महिने एक रंगीत कागद लावलेला होता. एका बाजूला दुधाच्या रतिबाचं कार्ड, दुसऱ्या बाजूला लेकीच्या शाळेचं वेळापत्रक आणि मधे हा. वरून खाली गाडीत काय काय मिळतं त्याची यादी, डावीकडून उजवीकडं व्हेरियंटची, म्हणजे एकाच गाडीच्या स्वस्त-महाग प्रकारांची नावं, आणि जिथं जे मिळतं तिथं काळा ठिपका. डावीकडचे रकाने मोकळे. उजवीकडं सरकावं तसे ठिपके दाट होत जायचे. रात्री पाण्याची बाटली काढायला गेलो तरी मी पाच मिनिटं तिथंच उभा. एकदा आई मागून म्हणाली, "पत्रिका जुळवायलायस काय रं?"

पत्रिका बरी. तिथं छत्तीसातले अठरा गुण जुळले तरी लग्न लावून देतात. इथं बत्तीस जुळले तरी उरलेल्या चारांसाठी माणूस पुढच्या रकान्याकडं बघतो, आणि पुढचा रकाना लाख-सव्वा लाखानं महाग असतो.

माझ्या वडिलांनी स्कूटर घेतली तेव्हा त्यांना काहीच निवडावं लागलं नव्हतं. नंबर लावायचा आणि वाट बघायची. परवाना राजचा तो काळ. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबणं ही तक्रार करण्यासारखी गोष्टच नव्हती. वडिलांनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न ठरलं नव्हतं, आणि स्कूटर दारात आली तेव्हा मी चालायला लागलो होतो. रंग जो येईल तो. आली ती फिकट निळी. त्यांना निळा रंग आवडायचा की नाही हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. पुढं पंचवीस वर्षं ती त्यांनी चालवली. 'हिरवी मिळाली असती तर' असं काही त्यांच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. हिरवी त्यांना कुणी दाखवलीच नव्हती.

मला दाखवली. घोळ तिथून सुरू झाला.

आधी ही गाडी म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण आमच्या मामांचा अजून गैरसमज आहे. मामांच्या लेखी उंच गाडी म्हणजे वडापची जीप. चौदा माणसं आत, दोन टपावर आणि एक मागं लोंबकळत. त्या जीपला खाली शिडीसारखी लोखंडी चासी असते, तिच्यावर बॉडी बसवलेली असते. हल्ली जिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात तिला तसली चासी नाही. सांगाडा आणि बॉडी एकच, साध्या कारसारखी, आणि बहुतेकींची पुढचीच दोन चाकं गाडी ओढतात. म्हणजे ही मुळात कारच, फक्त टाचा उंचावून उभी राहिलेली. हे सगळं समजावल्यावर मामा म्हणाले, "मग जीपचं पैसे कशाला द्यालायस?" याला माझ्याकडं अजून उत्तर नाही. बसायला-उठायला बरी, रस्ता लांबपर्यंत दिसतो, खड्ड्यात पोट घासत नाही. शिवाय शेजाऱ्यांनी घेतली होती. (हे शेवटचं कारण मी बायकोला सांगितलं नव्हतं. तिनंच मला सांगितलं.)

व्हेरियंटच्या नावांवर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. क्रेटाची अक्षरं तेव्हा ई, ईएक्स, एस, एसएक्स अशी चढत जायची आणि शेवटी कंसात 'ओ' यायचा. ओ म्हणजे ऑप्शनल म्हणे. पण तिथवर पोचलेल्या माणसाकडं कसला ऑप्शन उरलेला असतो? सेल्टॉसमध्ये एचटीई, एचटीके, एचटीएक्स. वाचताना रक्ताचा रिपोर्ट हातात आल्यासारखं वाटतं. ग्रँड व्हिटारानं ग्रीक मुळाक्षरं घेतली. सिग्मा सगळ्यांत खाली, मग डेल्टा, मग झीटा, आणि अल्फा सगळ्यांत वर. ग्रीकांच्या क्रमात अल्फा पहिली, डेल्टा चौथी, झीटा सहावी आणि सिग्मा अठरावी. उलटं मोजलं तरी डेल्टानं झीटाच्या वर बसायला पाहिजे. ती खाली का बसली, हे मी एका रविवारी अर्धा तास शोधत होतो, यावरून माझी त्या दिवसांतली अवस्था ओळखावी. नेक्सॉनवाले सरळ स्वभावच विकतात: स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस. आमच्या घरात फिअरलेस एकटी आई.

नावांची गंमत संपली की पायऱ्यांची सुरू होते. आम्ही ज्या गाडीच्या मागं लागलो होतो तिच्या खालच्या पायरीवर इंजिन तेच, सहा एअरबॅग त्याच, पण मागच्या काचेला वायपर नाही. कोल्हापूरच्या पावसात मागचा वायपर ही काही चैन नव्हे. वायपर हवा तर पुढची पायरी. तिथं वायपर आला, पण बायकोची उंची कमी, तिला सीट वर करून घ्यावी लागते, ती सोय आणखी पुढं. आणि ती सोय ज्या पायरीवर, तिथं सनरूफ आपोआप पदरात. ज्या गावात जून ते सप्टेंबर वरून पाणी आणि मार्च ते मे वरून आग, तिथं छताला खिडकी कशाला? पण वेगळी काढून मिळत नाही. म्हैस घ्यायची तर रेडकासकट.

हे पायऱ्या बांधणारे कुठंतरी बसत असतील. मला त्यांच्याविषयी राग नाही, कौतुकच आहे. गिऱ्हाईकाला काय हवं आणि त्याला काय परवडतं, या दोन्हींच्या मधे बरोबर एक पायरी ठेवायची, हे सोपं काम नाही. सुरक्षेच्या गोष्टी आता बऱ्याच गाड्यांत खालपासून मिळतात, तेवढं एक चांगलं झालं. नाहीतर पूर्वी जीव वाचवणंसुद्धा टॉप मॉडेलमध्येच होतं.

इंजिनाचा प्रश्न मात्र पायऱ्यांचा नव्हता, पाहुण्यांचा होता.

आमचे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहेत. फाउंड्रीतल्या माणसाला गाडी बाहेरून दिसतच नाही. आपण रंग बघतो, हे बोनेट उघडून ओतकाम बघतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या भट्ट्यांतून देशभरच्या कारखान्यांना इंजिनाचे भाग, फ्लायव्हील, ब्रेकड्रम जातात, त्यामुळं दाजींच्या मते रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांत थोडंफार कोल्हापूर बसलेलं असतं. त्यांचा सल्ला एका वाक्याचा होता: "दादा, गाडी घेऊ नका, इंजिन घ्या." आणि इंजिन म्हणजे डिझेल.

त्यांनी जेवणाच्या ताटावर समजावलं. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल दहा-अकरा पट दाबतात आणि ठिणगी टाकतात. डिझेलमध्ये नुसती हवा सोळा पटीच्या आसपास दाबतात. ती इतकी तापते की त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपलं आपण पेटतं. एवढा दाब सोसायचा म्हणजे सगळंच दणकट लागतं. "आता आकडा बघा," म्हणून त्यांनी फ्रिजवरचा कागद आणला. क्रेटा घ्या नाहीतर सेल्टॉस, दोन्हींत दीड लिटरची इंजिनं तीच. साध्या पेट्रोलचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, १४४ न्यूटन मीटर, तोही इंजिन मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर गेल्यावर. डिझेलचा २५०, आणि १५०० फेऱ्यांपासूनच. "घाटात माणूस ४५०० वर गाडी चालवतो काय? गगनबावड्याला जाऊन बघा. पेट्रोलवाला गिअर पाडत बसतोय आणि डिझेलवाला गप चढून वर जाऊन भजी खातोय."

मी हिशेब केला. हिशेब करणं हा माझा धंदा नाही, पण त्या चार महिन्यांत मी कुणालाही ऐकवला असता. जुनी गाडी अकरा वर्षांत ९८ हजार किलोमीटर चालली होती, म्हणजे वर्षाला नऊ हजारांच्या आत. डिझेल गाडी दीड लाखानं महाग धरली. पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी लिटरला १४ जाते धरलं, तर किलोमीटरला सात रुपये चाळीस पैसे. डिझेल ९१ आणि गाडी १८ जाते, तर पाच रुपये पाच पैसे. किलोमीटरमागं वाचतात साधारण दोन रुपये पस्तीस पैसे. दीड लाख भरून यायला ६३ हजार किलोमीटर. आमच्या चालीनं सात वर्षं. त्यात महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा कर १२ टक्के, तर डिझेलला १४. तो फरक अजून धरलाच नव्हता.

दाजी म्हणाले, "सगळं पैशात मोजायचं असतं व्हय?" बरोबर होतं त्यांचं. पण मग मी त्यांना डीपीएफचं विचारलं आणि ते पहिल्यांदा जरा घुटमळले. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सहा हे धुराचे कडक नियम आल्यावर डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक जाळी असते, तोच हा डीपीएफ. ती भरली की गाडी ती काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी धुराडं चांगलं तापावं लागतं. हायवेला अर्धा तास गाडी सलग पळाली की काम झालं. आमची गाडी राजारामपुरीतून निघते, शाळा, भाजी, बिंदू चौक, पार्किंग शोधण्यात पंधरा मिनिटं, आणि परत घरी. इंजिन तापायच्या आत प्रवास संपलेला. मग जाळी तुंबते, समोर दिवा लागतो. दाजींनी थोडा विचार केला आणि तोडगा काढला, "महिन्यातनं दोनदा पुण्याला जाऊन यायचं की." गाडीच्या आरोग्यासाठी पुण्याला जाणारं आमचं पहिलं घर ठरलं असतं.

मामांना हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. मामा राधानगरीच्या बाजूला ऊस करतात, आणि त्यांचा ओढा पहिल्यापासून पेट्रोलकडं होता. कारण साधं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि इथेनॉल उसातून निघतं. देशात वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं, तेव्हापासून मामा पंपावर उभे राहिले की मालकासारखे उभे राहतात. "तुझ्या टाकीत पाच लिटरातला एक लिटर आमचा हाय," असं मला म्हणाले. मी म्हटलं, "मामा, मक्याचाही असतो." ते त्यांना आवडलं नाही.

मामांना इथेनॉलमधलं आमच्यापेक्षा जास्त कळतं. रसापासून केलेलं, बी हेवी मळीपासून केलेलं, सी हेवीपासून केलेलं, कुठल्याला किती दर, हे त्यांच्या तोंडावर असतं. २०२३ च्या डिसेंबरात साखर कमी पडेल म्हणून सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं, तेव्हा मामा आठवडाभर कुणाशी धड बोलत नव्हते. त्यामुळं मायलेजचा विषय मी त्यांच्यापुढं जपून काढला. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. म्हणजे मिश्रण वाढलं की गाडी तेवढ्याच लिटरात थोडी कमी जाणार, यात कुणाचा दोष नाही, रसायनच तसं आहे. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कमी जात्या म्हणजे तू जास्त भरणार. मग बरंच हाय की."

माणसाचं इंजिन कुठलं असावं हे शेवटी त्याच्या नातेवाइकांचं पोट कशावर आहे त्यावर ठरतं, असं मला त्या दिवशी वाटून गेलं.

तिसरा पक्ष ताराबाई पार्कातला. माझा एक शाळासोबती सीए आहे, त्यानं हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी, घेतली होती आणि तो तिच्यात माणसं बसवून फिरवून आणायचा, नव्या सुनेला देवदर्शनाला न्यावं तसा. मान्य करतो, कावळा नाक्याच्या सिग्नलला ती गाडी उभी राहिली तेव्हा मला शांततेची भीती वाटली. इंजिन बंद. सिग्नल सुटला, गाडी निघाली, तरी इंजिन बंदच. पन्नास-साठ मीटर गेल्यावर कुठंतरी पुढं कुणीतरी हळूच खाकरल्यासारखं झालं, तेव्हा इंजिन लागलं. ब्रेक मारताना जी शक्ती एरवी चाकात जळून जाते तिच्यावर बॅटरी भरून घ्यायची आणि गर्दीत तीच वापरायची, असा तो प्रकार आहे. म्हणून ही गाडी जितकी अडकेल तितकी फायद्यात. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडला कंपनी लिटरला २७.९७ किलोमीटर सांगते. प्रत्यक्षात तेवढं कुणी देत नाही, पण मित्राच्या वहीत वीसच्या खाली आकडा नव्हता.

दोन गोष्टी आड आल्या. एक, बॅटरीनं डिकीची जागा खाल्लेली. सुगीनंतर मामांच्या घरून तांदळाचं पोतं, गुळाच्या दोन ढेपा आणि भुईमुगाच्या शेंगा आणायच्या असतात, आणि मामींचा 'एवढंसं' शब्दाचा अर्थ आम्हाला माहीत आहे. दोन, ते इंजिन सगळ्यांत खालच्या पायरीवर मिळतच नाही. म्हणजे पेट्रोल वाचवायची इच्छा असेल तर आधी वरच्या पायरीवर पैसे घालवा. शिवाय त्या हायब्रिडला आधीपासूनच जीएसटी आणि सेस मिळून ४३ टक्के होता आणि साध्या दीड लिटरवाल्यांना ४५. २२ सप्टेंबर २०२५ ला सगळे ४० वर आले, म्हणजे हायब्रिडवाल्यांची बचत तीन टक्के आणि आमची पाच. मित्राला हे सांगताना मला उगाचच आनंद झाला.

त्या कराची एक मौज सांगायची राहिली. त्याच दिवशी छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० पर्यंत. नेक्सॉन या दारातून आत गेली. ब्रेझा लांबीला चार मीटरच्या आत असूनही बाहेर राहिली, कारण तिचं इंजिन १४६२ सीसी. इलेक्ट्रिकला पाच टक्केच. इलेक्ट्रिकचा विषय घरात लेकीनं काढला होता, शाळेतल्या प्रोजेक्टमुळं. क्रेटाच्या मोठ्या बॅटरीला कंपनी तेव्हा ४७३ किलोमीटर सांगायची, हे तिला पाठ होतं. पण आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये साधा पाण्याच्या मोटरीचा प्लग बसवायला तीन मीटिंगा झाल्या होत्या. चार्जरचं नाव काढायची माझी छाती झाली नाही.

आणि पाणी. कोल्हापुरात गाडी घेणारा माणूस आता पाण्याचा विचार केल्याशिवाय गाडी घेत नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि कितीतरी दिवस ट्रकांच्या रांगा जागेवर उभ्या. आमच्या घराकडं पाणी येत नाही, पण जयंती नाल्याच्या बाजूला राहणाऱ्या एका ओळखीच्यांची गाडी पार्किंगमध्येच बुडाली. बुडाली त्यानं फारसं बिघडलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर त्यांनी चालू होते का बघू म्हणून स्टार्टर मारला, त्यानं बिघडलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर गेला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. साध्या विम्यात ते बसत नाही, इंजिनाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. हे त्यांना तेव्हा कळलं आणि त्यांच्यामुळं आम्हाला. शोरूममध्ये पोरगा कौतुकानं सांगत होता, "सर, ग्राउंड क्लिअरन्स १९० मिलिमीटर." मी मनात फूट आणि इंच करत बसलो. साडेसात इंच. पंचगंगेपुढं साडेसात इंच.

शोरूमचं फार सांगत नाही. टेस्ट ड्राइव्हला सगळीकडं वरचाच व्हेरियंट असतो, हे एक लक्षात ठेवा. जी घेणार नाही ती चालवायची आणि जी घेणार ती न बघता घ्यायची. रस्ताही त्यांचाच, हायवेचा सरळ तुकडा. पुईखडीच्या चढावर नेऊ या म्हटलं तर पोरगा हसला. हँडलिंगच्या नावाखाली लावलेले पैसे, नको असलेल्या मॅट आणि मडफ्लॅप, 'आज बुक केलं तर' हे सगळं झालं. पण खरी परीक्षा आईनं घेतली. तिच्या गुडघ्यांमुळं ती आधी सीटवर आडवी टेकते आणि मग एकेक पाय उचलून आत घेते. एका गाडीत टेकताच म्हणाली, "हिला पाट ठेवावा लागंल." दुसरीत बसली, पण मागच्या खिडकीची काच इतकी वर सुरू होत होती की तिला नुसतं आभाळ दिसायचं. "बाहेरचं कायच दिसंना. टांग्याचा पडदा सोडल्यागत." पंधरा-वीस लाखांच्या गाड्यांना तिनं दोन मिनिटांत बाद केलं. कागदावर त्याचा ठिपका कुठंच नव्हता.

राहिली एक. तीत बायकोनं आपलं म्हणणं मांडलं, आणि ते चार महिन्यांत तिनं पहिल्यांदाच मांडलं असावं, किंवा मी पहिल्यांदाच ऐकलं असावं. "अहो, तुम्ही महिन्यातनं दोनदा चालवणार आणि रोज मी. महाद्वार रोडच्या गर्दीत क्लच कुणी दाबायचा?" गिअर नसलेली गाडी मला गाडीच वाटत नाही, डावा हात कुठं ठेवायचा कळत नाही. पण वादात अर्थ नव्हता. साधं पेट्रोल, ऑटोमॅटिक, मधली पायरी. सीट वर होते, मागं वायपर आहे, सनरूफ नाही. कंपनी कुठली ते मुद्दाम सांगत नाही. दाजी हे वाचतील.

त्या ऑटोमॅटिकला सीव्हीटी म्हणतात. तीत गिअरचे दातेच नसतात. दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा एक पट्टा. पुल्या रुंद-अरुंद होतात तसा पट्टा वर-खाली सरकतो आणि गती बदलते. दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे पिठाची गिरण." ऑइल इंजिनावर पट्टा चढवून गिरण चालवणाऱ्या गावाला ही उपमा सुचणारच. एकसारख्या वेगानं चालवली तर ती गिरण लोण्यासारखी चालते. एकदम पाय दाबला की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते.

दसऱ्याला गाडी आणली. कर उतरल्यानंतरचा पहिला दसरा, २ ऑक्टोबर, त्यामुळं अर्धं कोल्हापूर त्या दिवशी लिंबावरून चाक नेत होतं. संध्याकाळी सीमोल्लंघनाला दसरा चौकात गेलो. छत्रपती घराण्याची मेबॅक आली की गर्दी कशी टाचा उंचावते ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. १९३० च्या दशकातली गाडी. त्या काळात मेबॅक कंपनी मुख्यतः चासी आणि इंजिन द्यायची; बॉडी गिऱ्हाईक आपल्या मर्जीनं दुसऱ्याकडून बांधून घ्यायचं. म्हणजे राजाला हवं ते, वडिलांना येईल ते, आणि मला ठिपके. मी आपट्याची पानं हातात घेऊन हा विचार करत होतो आणि शेजारचा एक अनोळखी माणूस दुसऱ्याला विचारत होता, "कितीला पडली असंल रे?"

गाडी चांगली आहे. मनापासून सांगतो. बायको खूश आहे, आईला खिडकीतून रंकाळा दिसतो. पण घेतली एक आणि न घेतलेल्या अजून कितीतरी, त्या काही गेलेल्या नाहीत. मागून मागून येतात. पंपावर उभा राहिलो की डिझेलवाली शेजारी उभी असते आणि मी तिच्या मीटरकडं बघतो. सिग्नलला हायब्रिड आली की मी काच खाली करून ऐकतो, इंजिन बंद आहे का. मागच्या सीटवर लेक मान वर करून छताकडं बघते, जिथं सनरूफ नाही. फ्रिजवरचा कागद मी काढून टाकला, पण मॅग्नेट तिथंच राहिलं आणि त्याच्या भोवती जरा स्वच्छ चौकोन दिसतो.

दिवाळीच्या सुट्टीत कणकवलीहून परत येत होतो. फोंडा घाट. आई पुढं माझ्या शेजारी, बायको आणि लेक मागं झोपलेल्या, डिकीत नारळ. चढ सुरू झाला तसं इंजिन वर चढलं आणि तिथंच राहिलं, एका सुरात, गिरणीत ज्वारी टाकल्यासारखं. पुढं एक मालट्रक. ओव्हरटेकला जागा दिसली, मी पाय दाबला, आवाज आधी गेला, आणि गाडी निघायच्या आत मागून एक आली, आमच्यासारखीच, रंगही तोच. तिनं मला आणि ट्रकला दोघांनाही ओलांडलं, सहज, काही कष्ट न दाखवता. तिच्या सनरूफमधून एक पोरगं कमरेपर्यंत बाहेर आलं होतं. घाटात असं करू नये.

आई म्हणाली, "आपल्यावाणीच हाय की ही."

"हं."

"मग ती कशी म्होरं गेली?"

मी काही बोललो नाही. पुढच्या वळणावर ती दिसेनाशी झाली. तिच्या इंजिनाची ती बारीक टकटक, दाजी ज्याला गाणं म्हणतात, दाजीपूरपर्यंत माझ्या कानात होती.